चतुर्दशीला उघडलेलं इंजिन

गुरुपाद काकांना तोंडावर नाही म्हणता यायचं नाही. निलंग्याच्या शाळेत ते ड्रॉइंग मास्तर होते, त्यामुळे दुकानाची पाटी, लग्नाचं बॅनर, मंडळाचा पडदा, काहीही रंगवायचं असलं की माणसं सरळ त्यांच्याच दारात यायची. काका हसून हो म्हणायचे, पान द्यायचे आणि माणूस वळला की स्वयंपाकघरात जाऊन जगदेवी काकूंसमोर त्याचा उद्धार करायचे. काकू भाकरी थापता थापता ऐकून घ्यायच्या. मला लहानपणी हे फार गमतीचं वाटायचं. आता वाटत नाही.

आमचं घर त्यांच्या घराला लागून. माझे अब्बा, जिलानी टेलर, यांचं दुकान घरातच पुढच्या खोलीत होतं, आणि दोन घरांमधल्या मोकळ्या जागेत लिंबाखाली काकांची फियाट उभी असायची. उदगीरच्या एका डॉक्टरांनी वापरून वापरून काढून टाकलेली, दुधी रंगाची. गल्लीत दुसरी मोटार नव्हती. काका तिच्यावर जीव टाकायचे आणि तिला फारशी चालवायचे नाहीत. चालवली तरी इतकी हळू, की अब्बा म्हणायचे, मास्तरच्या गाडीच्या मागं शेळी लागली तर ती हॉर्न देईल.

हळू चालणाऱ्या गाडीचं एक दुखणं असतं. पेट्रोल नीट जळत नाही आणि त्याची काजळी आत पिस्टनच्या माथ्यावर नि वरच्या झाकणाला चिकटत जाते. चुलीवरच्या तव्याच्या बुडाला धरते तशीच, फक्त जास्त टणक. मिस्त्री लोक याला गाडीनं कार्बन धरला असं म्हणतात. मग गाडी चढाला खडखडते, ओढ कमी होते. त्यावर इलाज एकच, इंजिनचं झाकण, म्हणजे हेड, उघडायचं आणि कार्बन खरवडून काढायचा. काका हे काम गॅरेजला न देता घरीच करायचे. शाळेतल्या मोडक्या लाकडी फूटपट्ट्या तासून त्यांनी खरवडण्या केल्या होत्या, कारण लोखंडी पात्यानं पिस्टनवर ओरखडे पडतात. अब्बा हेड उचलायला हात लावायचे आणि चहा पिऊन परत मशीनवर बसायचे.

कार्बन धरायला दरवर्षी एक हक्काचं निमित्त असायचं, ते म्हणजे आमच्या गल्लीचा गणपती. विसर्जनाच्या मिरवणुकीत मूर्ती ट्रॅक्टरवर आणि तिच्यापुढे काकांची फियाट, टपावर दोन कर्णे बांधलेले. दुपारपासून गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलानं चालायची. इंजिन तापायचं, आत काजळीचे थर चढायचे, टपाला पोचे यायचे. मंडळाचा पुढारी श्रीमंत, काकांचाच जुना विद्यार्थी, वर्गणीला आला की म्हणायचा, "मास्तर, गाडी आपलीच हाय ना यंदा?" काका म्हणायचे, "हाव की." आणि मग स्वयंपाकघरात काकूंचे कान भाजून निघायचे.

त्र्याण्णव साली काकांनी ठरवलं की यंदा गाडी द्यायची नाही. पण नाही म्हणायचं कसं? साधं खोटं बोलावं, गाडी बिघडली म्हणावं, तर पोरं किल्ली फिरवून बघणार. तेव्हा त्यांनी असं ठरवलं की चतुर्दशीच्या सकाळी हेड उघडूनच ठेवायचं. पोरं आली की उघडं इंजिन दाखवायचं. खोटंही नको आणि नाही म्हणणंही नको.

आदल्या दिवशी त्यांच्या बहिणीचा निरोप आला. सिंधु आत्या तेरणेच्या काठच्या एका खेड्यात दिलेल्या. निलंग्याला येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे त्यांनी सांगून पाठवलं होतं, की दादा, उद्या गाडी घेऊन न्यायला ये, शिल्पाला मिरवणूक बघायची हाय. शिल्पा त्यांची एकुलती मुलगी, माझ्याच वयाची, सहा वर्षांची.

काकांनी विचार केला. गाडी घेऊन बहिणीला आणलं तर सगळी गल्ली गाडी चालताना बघणार, मग मंडळाला काय सांगायचं? म्हणून त्यांनी त्याच कंडक्टरकडे उलट निरोप दिला: इंजिन उघडलंय, उद्या जमत न्हाई, परवा सकाळी न्यायला येतो. निरोप गेला तेव्हा इंजिनचा एक नटही सैल झालेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा हेड उचलू लागायला गेले तेव्हा काकांनी हसत हसत त्यांना सगळं सांगितलं. अब्बा म्हणाले, "मास्तर, झूट बोलायला इतकी मेहनत कोन करतं ओ?" दोघंही हसले. अब्बांनी हे मला फार वर्षांनी सांगितलं आणि सांगताना त्यांना त्या हसण्याचीच लाज वाटत होती.

श्रीमंत आला, उघडं इंजिन बघून हळहळला आणि कर्णे बैलगाडीवर बांधून गेला. मिरवणूक झाली, गल्ली झोपली, आणि पहाटे जमीन हलली.

आमच्या निलंग्यात भिंती तडकल्या, काही पडल्या. तेरणेच्या काठावर मात्र गावंच्या गावं बसली. तिकडची घरं दगडी, वर मातीचं जड माळवद. माणसं झोपेतच खाली गेली. उजाडल्यावर बातमी आली तेव्हा काका लिंबाखाली धावले. हेड रॉकेलच्या घमेल्यात होतं, जुनं गॅस्केट, म्हणजे हेडखालचा पातळ पत्रा, उचकटताना फाटलं होतं आणि नवं लातूरहून आणायचं होतं. तरी ते अंगातल्या बनियनवर जमेल तसं जोडू बघत होते. शेवटी अब्बांनी त्यांच्या हातातला पाना काढून घेतला आणि आपल्या लुनावर मागं बसवलं. वाटेत त्यांना मंडळाची पोरं भेटली, कपाळावरचा गुलालही न पुसता, ट्रकमध्ये बसून ढिगाऱ्याखालची माणसं काढायला निघालेली. गावातली चालती वाहनं सगळी तिकडं लागली होती, जखमींना उमरग्याला, लातूरला नेत होती. काकांची गाडी तेवढी आ वासून लिंबाखाली उभी होती.

सिंधु आत्या आणि त्यांचे यजमान सापडले ते दुसऱ्या दिवशी. शिल्पा वाचली. दोन पेट्यांच्या मधल्या फटीत अडकली होती म्हणून. अब्बांनी तिला लुनावर पुढं उभं करून आणलं आणि सुलतानबी, म्हणजे माझ्या आजीनं, तिच्या केसातली माती काढली. मला आठवतं ते एवढंच, की ती रडत नव्हती आणि पाणी हवं का म्हटलं तरी नको म्हणत होती.

काका-काकूंना मूल नव्हतं. शिल्पा त्यांचीच झाली. आणि काय गुणाची मुलगी म्हणून सांगू, सगळी गल्ली आपापल्या पोरांना तिचा दाखला द्यायची. दिवाळीला जो फ्रॉक आणाल तो घालणार. ताटात जे वाढाल ते खाणार. जत्रेत मी फुग्यासाठी जमिनीवर लोळण घेतली असता ही शेजारी हाताची घडी घालून उभी. काका कौतुकानं सांगायचे, "आमच्या पोरीला हट्ट ठाऊकच न्हाई." मला त्या वाक्याचा इतका राग यायचा, की एकदा मी तिला चिमटा काढून विचारलं होतं, तुला काहीच कसं नको असतं? ती म्हणाली, मला चालतं.

काकांनी त्यानंतर नवं गॅस्केट आणून इंजिन बंद केलं ते पुन्हा उघडलंच नाही. फूटपट्ट्यांच्या खरवडण्या माळ्यावर गेल्या. गाडी खडखडू लागली, धूर सोडू लागली, तरी ते म्हणायचे, चालतीय ना, चालू दे. कुणी विषय काढला की उठून आत जायचे. आम्हाला वाटायचं, बहिणीची आठवण येते बिचाऱ्यांना. ती येतच होती. पण त्यापेक्षा मोठी गोष्ट त्यांच्या गळ्यात अडकली होती. शिल्पाला एवढंच ठाऊक होतं की तेव्हा मामाची गाडी उघडलेली होती. ती मुद्दाम उघडली होती आणि निरोपानंतर उघडली होती, हे तिला एकदा आपल्या तोंडानं सांगायचं, असं काका दर वर्षी ठरवायचे. पोर मोठी होऊ दे. दहावी होऊ दे. सांगितलं आणि तिनं मामा म्हणणं सोडलं तर? काकूंना ते रात्र-रात्र हेच विचारायचे. काकू म्हणायच्या, सांगून टाका. तोंडावर नाही म्हणता न येणाऱ्या माणसाला तोंडावर खरं तरी कसं सांगता येणार?

दहावी झाली. तोवर लातूरचा डंका सगळीकडे वाजायला लागला होता. अकरावी-बारावी लातूरला, सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास आणि शेवटी डॉक्टर. आई-बाप पोरांसाठी गाव सोडून तिथं खोल्या घेऊन राहू लागले होते. काकांनीही बदली करून घेतली आणि दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. अब्बांनी मला त्यांच्याच घरात ठेवलं. नातेवाइकांनी भुवया उंचावल्या, तर अब्बा म्हणाले, "माझी कहकशां मास्तरच्या घरी हाय, म्हणजे माझ्याच घरी हाय." शिल्पाला डॉक्टर व्हायचं आहे का, हे कुणी विचारलं नाही. तिला चालत होतं.

फियाट लातूरला आली आणि तिचे हाल झाले. खोलीपासून क्लास, क्लासपासून दुसरा क्लास, सगळीकडे सायकलींची आणि दप्तरांची गर्दी. गाडीला दुसऱ्या गिअरच्या पुढं जायची वेळच यायची नाही. तिनं इतका कार्बन धरला, की काका किल्ली फिरवून काढून घ्यायचे तरी इंजिन धडधडत राहायचं, उचकी लागल्यासारखं. क्लासच्या दारात पोरं हसायची. आत लाल झालेल्या काजळीवर पेट्रोल आपोआप पेटतं म्हणून असं होतं, असं कोपऱ्यावरचा मिस्त्री सांगायचा, आणि हेड खोला म्हणायचा. काका मान हलवून निघून यायचे.

बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निलंग्याहून परतलो, तेव्हा शिल्पानं माळ्यावरून त्या फूटपट्ट्या कागदात बांधून आणल्या होत्या. रविवारी सकाळी तिनं त्या काकांच्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाली, "मामा, तुम्हाला येतं ना? घरीच करू. मी अन् कहकशां हाताखाली हावोत."

काका त्या फूटपट्ट्यांकडे बघत राहिले. काकूंनी स्वयंपाकघरातून फक्त एवढंच म्हटलं, "करा आज." मग ते उठले.

अंगणात जुनी चादर अंथरली. काकांनी बॅटरीची तार सोडवली, रेडिएटरचं पाणी बादलीत काढलं, कार्बोरेटर उतरवून फडक्यात गुंडाळला. पुठ्ठ्याला भोकं पाडून प्रत्येकावर आकडा घातला आणि वॉल्व ढकलणारे बारीक लोखंडी गज ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं त्यात खोचायला मला बसवलं. हेडचे नट त्यांनी एकदम न काढता आलटून पालटून थोडे थोडे सैल केले. हात विसरले नव्हते. लाकडी हातोडीनं टकटक करून हेड हललं आणि आम्ही तिघांनी ते उचलून चादरीवर ठेवलं.

आत सगळं काळंठिक्कर होतं. पिस्टनच्या माथ्यावर तर करपलेल्या खिचडीसारखी खपली. काकांनी एकेका पिस्टनच्या कडेनं ग्रीसचं कडं ओढलं, म्हणजे पडणारी भुकटी त्यात चिकटेल, खाली जाणार नाही. बाकीच्या भोकांत चिंध्या कोंबल्या. मग शिल्पाच्या हातात खरवडणी दिली. "दाबू नको. आडवी धर. आपसूक सुटंल."

बराच वेळ खरवडण्याचाच आवाज होता. शिल्पा पिस्टनवर वाकलेली, काका हेडवर. मग काका मान वर न करता बोलायला लागले. आधी गाडीचंच बोलले, कर्ण्यांचं, मिरवणुकीचं, श्रीमंतला नाही म्हणता येत नव्हतं त्याचं. मग निरोपाचं. "तुझ्या आईचा निरोप आदल्या दिवशी आला, शिल्पे. तवा इंजिन उघडलेलं नव्हतं. गाडी चांगली होती. मी मुद्दाम उघडली. मंडळाला द्यावी लागंल म्हणून. मी आलो असतो तर तुम्ही दोघी त्या राती आमच्या घरात असतात."

मी हातातला गज तसाच धरून बसले. काकू दारात येऊन उभ्या होत्या.

शिल्पाची खरवडणी थांबली होती. ती बोलली ते इतकं हळू, की काकांना पुन्हा विचारावं लागलं.

"आई एसटीनं येणार होती," ती म्हणाली. "तुमचा निरोप आला तरी. पिशवी भरली, फाट्यावर आलो आम्ही. एसटी समोर थांबली होती. मीच बसले न्हाई. मी सगळ्या पोरींना सांगितलं होतं, मामाची मोटार येणार हाय म्हणून. मी रस्त्यावर लोळण घेतली. मामाच्या गाडीतच जायचं. आई म्हणाली, बरं बाई, उद्या सकाळी येतोच हाय मामा. अन् आम्ही मागं फिरलो."

काकांनी खरवडणी खाली ठेवली.

"मला वाटायचं, मीच मारलं आईला," शिल्पा म्हणाली. "इतकी वर्षं. तुम्ही एकदा तरी सांगायचं होतं ओ, मामा. निदान अर्धं तरी माझ्यावरनं उतरलं असतं."

काकांनी आधी हातातलं हेड नीट चादरीवर ठेवलं आणि मग रॉकेलच्या काळ्या हातांनी तोंड झाकून ते रडले. मी मोठ्या माणसाला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला दया यायला हवी होती. आली ती चीड. ज्या पोरीला हट्ट ठाऊक नाही म्हणून हा माणूस गल्लीभर मिरवला, ती पोरगी रोज उठून स्वतःला शिक्षा करत होती, आणि ती थांबवायला त्याची चार वाक्यं पुरली असती. तेव्हा मी अठराची पण नव्हते. आज माझ्या घरात पोरं आहेत आणि त्यांना न सांगितलेल्या गोष्टीही आहेत, त्यामुळे चीड थोडी कमी झाली आहे. गेलेली नाही.

शिल्पानं त्यांना रडू दिलं. मग चिंधीनं हात पुसत म्हणाली, "मला गावाला न्या. फाट्यावर."

काकांनी डोळे पुसले. "नेतो की, बाळ. उद्या सकाळी..." एवढं म्हणाले आणि स्वतःच थांबले.

"न्हाई," शिल्पा म्हणाली. "आज."

तिला कशासाठी तरी अडून बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होते.

मग आम्ही सगळेच कामाला लागलो. काकूंनी साडी खोचली आणि रॉकेलनं वॉल्व धुतले. पिस्टन लख्ख झाले, चिंध्या निघाल्या, ग्रीसबरोबर सगळी काळी भुकटी पुसली गेली. मी गुंजगोलाईच्या बाजारात जाऊन गॅस्केट आणलं. काकांनी नट पुन्हा आलटून पालटून आवळले, एक फेरी, दुसरी फेरी, घाई न करता. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. काकांनी थोडा वेळ चालवून किल्ली बंद केली, तर इंजिन तिथल्या तिथं गप्प झालं. कुणी त्याचं कौतुक केलं नाही.

काकू घरीच थांबल्या, औशावरून आम्ही तिघं गेलो. सूर्य अजून बराच वर होता. वाटेत भूकंपानंतर वसवलेली नवी गावं लागली, एका ओळीत, एका मापाची घरं. शिल्पा पुढं काकांच्या शेजारी बसून बाहेर बघत होती. फाटा आला तेव्हा तिनंच थांबवायला सांगितलं. तिथं आता पत्र्याचं शेड होतं, एक पानटपरी होती. ती उतरली, रस्त्याच्या कडेला एका जागी जाऊन उभी राहिली. तिला जागा ओळखू आली होती की नव्हती, कोण जाणे. काका स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. त्यांना उतरायचं होतं, दोनदा त्यांनी दाराला हात लावला, पण ते उतरले नाहीत.

ती परत आली आणि मागचं दार उघडून माझ्या शेजारी बसायला लागली.

काका म्हणाले, "पुढं बस की."

"न्हाई," ती म्हणाली. "कहकशां, तू पुढं जा. आई अन् मी मागंच बसणार होतो."

मी उतरून पुढं बसले. काकांनी मागची सीट दिसणार नाही असा आरसा वर फिरवला आणि गाडी लातूरला न वळवता निलंग्याच्या रस्त्याला घेतली.